सुपातल्या पंचवीस विड्या

सोलापुरातलं एक घर. बायको विड्या वळते आणि नवरा त्या ओढतो. तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनात मी बरीच वर्षं आहे, पण या घरानं मला जितकं खोडून काढलं तितकं कुठल्या प्रशिक्षणात कुणी काढलं नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि खरी नावं लिहिणार नाही. तिला वस्तीत सगळे अक्का म्हणतात, ती नवऱ्याला मालक म्हणते. इथंही तेच चालेल.

मालकांचं वय ४८. टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सोळाव्या वर्षापासून विडी. खोकला हटेना म्हणून छातीच्या ओपीडीत आले होते. थुंकी तपासली, क्षय नव्हता. नळीत फुंकायच्या तपासणीत मात्र श्वासनलिका आकसल्याचं दिसलं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत जाण्याचा आजार, सुरुवातीचा. डॉक्टरांनी पंप लिहून दिला, कागदावर ‘विडी बंद’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे पाठवलं.

व्यसन किती खोल आहे ते पाहायला आम्ही फॅगरस्ट्रॉम नावाची प्रश्नावली वापरतो. सहा प्रश्न, दहा गुण. उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, हा त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न. मालक म्हणाले, “डोळे उघडायच्या आधी.” दिवसाला पंचवीसच्या आसपास. ताप असला तरी ओढतात. गुण आले ८. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यात २४ पीपीएम. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा साधारण सहाच्या आत राहतो.

“पण विडी पानाची असते की सर, सिगारेटीसारखी कागदाची नाही.” हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. खरं उलट आहे. तेंदूचं पान कागदासारखं सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात आणि जोरात ओढावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही. विडीवाल्या माणसाचे गाल आत गेलेले दिसतात, ते उगाच नाही.

पहिल्या भेटीत मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. कागदावर गणित मांडायचं, रोजचा खर्च गुणिले ३६५, मग त्या पैशात काय काय आलं असतं ते सांगायचं. पोरीची फी, गॅसच्या टाक्या वगैरे. हे गणित बहुतेकांना चिमटा काढतं. मालक शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “मी विकत घेतच नाही.”

दाराशी उभी असलेली अक्का तेव्हा पहिल्यांदा बोलली. “घेतील कशाला? सुपातून उचलतात.”

त्या एका वाक्यानं माझ्या कागदाचा बोळा झाला. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, हे मला काय माहीत नव्हतं? २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तिच्या गल्ल्यांतून मी शिबिरं घेत हिंडलोय. तरी समोर बसलेल्या माणसाची विडी कुठून येते, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं इशाऱ्याचं चित्र, १८००-११-२३५६ हा सोडवणुकीचा मोफत क्रमांक, सगळं छापलेलं असतं ते वेष्टनावर. सुपातल्या विडीला वेष्टनच नसतं. या घरात सरकारचा इशारा कधी पोचलाच नव्हता, आणि त्या इशाऱ्याच्या आतला माल मात्र याच घरातून बाहेर जात होता.

मग अक्कानं तिचं गणित सांगितलं. तिला कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळतो. दिवसाला हजार विड्या देऊन यायच्या. छाट, म्हणजे नापास ठरलेल्या विड्या, निघाली तर ती वेगळीच. मालकांनी पंचवीस उचलल्या की तिला हजारावर पंचवीस वळाव्या लागतात, आणि त्याही तेवढ्याच तंबाखूत. म्हणून ती प्रत्येक विडीत थोडा थोडा हात आखडता घेते. हात जास्त आखडला तर विडी पोकळ होते आणि छाटीत जाते. “रुपये नका मोजू सर. माझी बोटं मोजा.” वर्षाच्या नऊ हजारांहून जास्त विड्या होतात. म्हणजे तिची नऊ दिवसांची मजुरी, जी कुणी देत नाही.

मालक जमिनीकडे पाहत होते. हे त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. अक्का रोज सांगत होती, पण विडी पेटताना आणि भांडणाच्या सुरात. तिसऱ्या माणसासमोर, हिशेबाच्या सुरात ते पहिल्यांदाच आलं होतं.

दुसऱ्या भेटीला दोघांना मुद्दाम एकत्र बोलावलं आणि मालकांनी डाव उलटवला. “आधी हिची मिश्री सोडवा.”

अक्का हसली, मग गप्प झाली. तव्यावर तंबाखू भाजून त्याची काळी पूड करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. सकाळी एकदा, जेवणानंतर दोनदा, पानं कातरताना कंटाळा आला की आणखी एकदा. “मिश्री काय व्यसन असतंय का? दात घासायचंय ते.” मी तिला एवढंच विचारलं, की सकाळी मिश्री मिळाली नाही तर काय होतं? “डोकं धरतंय. पोट साफ होत नाही.” उत्तर तिचं तिनंच दिलं होतं.

नवऱ्यानं हे बोलून विषय टाळला, असं कुणी म्हणेल. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण ते खरंच बोलत होते. ज्या घरात एकाच्या व्यसनाला पाप म्हणतात आणि दुसऱ्याच्याला दात घासणं, तिथं पहिल्यानं दुसऱ्याचं का ऐकावं? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या १२,०६७ लोकांच्या नोंदी ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी तपासल्या, १९७१ ते २००३ अशी बत्तीस वर्षांची माहिती. २००८ मध्ये निष्कर्ष छापले. जोडीदारानं धूम्रपान सोडलं की दुसऱ्याच्या ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्रानं सोडलं तर ३६, भावंडानं सोडलं तर २५. ते आकडे सिगारेटीचे आहेत आणि माणसं वेगळ्या मुलखातली. तरी माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. सोडणाऱ्याच्या शेजारी सोडणारा असला की बोलण्याचा सूर बदलतो.

अक्कानं शब्द दिला नाही. “बघते,” म्हणाली. मी तेवढ्यावर थांबलो.

मालकांना हळूहळू कमी करायची होती, पंचवीसवरून वीस, वीसवरून पंधरा. बहुतेकांना असंच हवं असतं, आणि ज्याला एकदम जमत नाही त्याला मी अडवत नाही. पण २०१६ मध्ये छापलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दोन्ही रीती आमनेसामने तपासल्या होत्या. चार आठवड्यांनी, ठरल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के धूम्रपानापासून लांब होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. मी तो आकडा सांगितला आणि तारीख त्यांच्यावर सोडली. त्यांनी नारळी पौर्णिमा निवडली. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, आणि रथ फिरून येईपर्यंत ते तसेही विडीला शिवत नाहीत. म्हणजे अर्धा दिवस आधीच खिशात. मी पंचांग काढून दिलं असतं तरी यापेक्षा चांगला दिवस मला सापडला नसता.

प्रश्न घराचा होता. आमच्या पुस्तकात पहिली सूचना असते की घरातला तंबाखू, काडेपेटी, राखपात्र, सगळं बाहेर टाका. इथं घरातला तंबाखू बाहेर टाकणं म्हणजे चूल बाहेर टाकणं. शेवटी अक्कानंच तोड काढली. शेजारणीच्या ओट्यावर तीन बायका एकत्र बसून वळतात, तिथं ती सूप घेऊन जाऊ लागली. संध्याकाळी माल परत आणायचा तो बांधलेल्या बंडलांतच. सुटी विडी उचलणं आणि बांधलेलं बंडल फोडणं यात फरक आहे. बंडल फोडायला हाताला विचार करावा लागतो. कुलूप वगैरे लावू नका, असं मी सांगितलं होतं. कुलूप लागलं की नवरा चोर ठरतो, आणि चोर ठरवलेला माणूस चोरी करून मोकळा होतो.

औषध म्हणून डॉक्टरांनी चार मिलिग्रॅमची निकोटिनची गोळी दिली, चघळायची. ती च्युइंगमसारखी सतत चावायची नसते. चार-पाचदा चावायची, झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा चावायची. चहा घेतल्यावर लगेच घेतली तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, पाव तास तरी जाऊ द्यावा असं मी सांगतो. हे सगळं मी समजावलं. मालकांनी घरी जाऊन पहिली गोळी भराभर चावली, उचक्या लागल्या आणि ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी फोन, “सर, हे विडीपेक्षा वाईट आहे.” मग फोनवरच, माझ्या तोंडात बडीशेप आणि त्यांच्या तोंडात गोळी, असं दहा मिनिटं शिकवलं. ऐकून समजतं असं समजायची सवय आम्हा समजावणाऱ्यांना फार.

तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. न ओढताही ती जाते, यावर सोडणाऱ्याचा विश्वासच नसतो, कारण त्यानं तिला कधी जाऊच दिलेलं नसतं. मालकांना मी चिंचोके दिले. डाव्या खिशात मूठभर ठेवायचे, एक तलफ निभली की एक उजव्या खिशात. मागावर हात चालू असतानाही हे जमतं. संध्याकाळी उजव्या खिशातले चिंचोके वाटीत ओतायचे. आणि ओढली तर? तर एक चिंचोका खिडकीच्या फळीवर ठेवायचा, बोलायचं काहीच नाही.

अक्कासाठी नियम त्याहून अवघड होता. ‘ओढली का?’ हा प्रश्न वर्षभर विचारायचा नाही, तोंडाचा वास घ्यायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत. खिडकीवर चिंचोका दिसला तर तो उचलून डब्यात टाकायचा आणि जेवायला वाढायचं. ती म्हणाली, “म्हणजे मी काहीच करायचं नाही?” मला तिला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथं. काहीच न करणं हे तिच्या वाटणीचं काम होतं, आणि ते मालकांच्या कामाहून हलकं नव्हतं.

पौर्णिमेचा दिवस निभला. पहिल्या दिवशी वाटीत ३१ चिंचोके, दुसऱ्या दिवशी ३४. तिसऱ्या दिवशी माग दोनदा बंद पडला आणि मालक माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरवर धावून गेले. झोप नाही, पोट साफ नाही, आणि खोकला उलट वाढलेला. हे आधी सांगितलेलं असलं तरी माणूस घाबरतोच. विडीनं बधिर झालेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. खोकला वाढला म्हणजे बिघडलं, असा घरच्यांचा समज होतो.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. मालकांनी ताट भिरकावलं होतं. तिनं रागानं सांगून टाकलं होतं, “एक ओढा आणि शांत बसा.” माझ्या अनुभवात पहिल्या आठवड्यात विडी हातात देणारे बाहेरचे मित्र कमी, घरचेच जास्त. त्यांना विडी नको असते, त्यांना फक्त तो त्रास थांबायला हवा असतो. अक्का रडत होती. मी म्हटलं, “त्यांनी ओढली का?” आणि मग जीभ चावली, कारण हाच प्रश्न मी तिला बंद केला होता. “नाही ओढली. ताट भरून घेतलं पुन्हा आणि बाहेर जाऊन जेवले.”

पाचव्या दिवशी यंत्रात आकडा आला ४. मालकांनी तीनदा फुंकून पाहिलं. आकड्याचा असा उपयोग होतो. बायको म्हणते, डॉक्टर म्हणतो, यापेक्षा यंत्र म्हणतं ते माणूस मान्य करतो.

पाचव्या आठवड्यात मयत झाली. चुलतभाऊ, वय पन्नासच्या आत. मयतीच्या घरासमोर पुरुष बसतात तेव्हा विडी फिरते. तिथं कुणी आग्रह करत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही. बोलायला शब्द नसतात तेव्हा हाताला काहीतरी लागतं. मालकांनी दोन ओढल्या.

रात्री अंघोळ करून त्यांनी खिडकीच्या फळीवर दोन चिंचोके ठेवले. अक्कानं ते पाहिले. नंतर तिनंच मला सांगितलं, की ओठावर आलेलं वाक्य परतवायला तिला स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा हंडा विनाकारण उतरवावा लागला. बाहेर येऊन तिनं चिंचोके डब्यात टाकले आणि भात वाढला. मालक जेवता जेवता रडले. भावासाठी, असं ती म्हणाली. असेलही.

दुसऱ्या दिवशी वाटीत २९ चिंचोके होते, जवळजवळ पहिल्या दिवसाइतके. त्याच्या पुढच्या दिवशी १८. पुढच्या आठवड्यात पुन्हा सहा-सात. एक-दोन विड्यांचा घसरा आणि पुन्हा लागलेलं व्यसन यांच्यामधली जागा फार चिंचोळी असते. त्या जागेत माणसाला लपवावं लागलं तर तो बहुधा पलीकडे जातो. ओढलीच आहे, कळल्यावर बोलणी खायचीच आहेत, तर मग दोन काय आणि दहा काय. या घरात त्या रात्री बोलणी झाली नाहीत. गोळी, यंत्र, माझी वही, हे सगळं उपयोगाचं होतं. पण मालक टिकले ते त्या हंड्यापाशी, असं माझं मत आहे.

आठव्या आठवड्यात मी गाफील होतो. यंत्रात ३. मालक हसतमुख. वहीत ‘उत्तम’ लिहीत असताना चुन्याचा वास आला.

“तंबाखू?”

“विडी सोडा म्हणालात. विडी सोडली की.”

दोष माझा होता. सोलापूरच्या मागावर कापसाचे तंतू उडतात, आत आग नको म्हणून विडी ओढायला बाहेर जावं लागतं. त्यामुळे आत सगळे तंबाखू मळतात. मालकांनी विडीसाठी बाहेर जाणं बंद केलं, आणि शेजारच्या मागावरच्या गड्यानं दोघांपुरती मळून हात पुढे केला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि धूर नसलेला तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. आपल्या राज्यात विडीतून निसटलेला माणूस पडायचा तर या खड्ड्यात पडतो, हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी फक्त धुराबद्दल बोललो होतो.

मळलेली तंबाखू नाकारणं सोपं नाही. ती माणुसकीनं पुढे केलेली असते. मालकांनी स्वतःच युक्ती केली. “तोंड आलंय” असं सांगून पंधरा दिवस काढले. तोवर गड्याचा हात पुढे यायचा थांबला. खोटं बोलायला मी शिकवलं नाही, पण थांबवलंही नाही. ‘मी व्यसन सोडलंय’ हे वाक्य मागावर उपदेशासारखं ऐकू येतं, तोंड येणं कुणालाही कळतं. चघळायची गोळी ठरल्यापेक्षा सहा आठवडे वाढवली.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मालक एकटे गेले नाहीत, धाकट्या पोरीला खांद्यावर घेऊन गेले. दोन्ही हात धरलेले असले की सोपं जातं, असं म्हणाले. दम थोडा लांबला होता. सीओपीडीनं आकसलेलं सगळं परत येत नाही, ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. पुढचं बिघडणं मंदावतं, हेच मिळतं. जिन्यावर मधे थांबावं लागत नाही, एवढ्यावर ते खूश होते.

अक्का अजून विड्या वळते. हजार म्हणजे हजारच, वरच्या पंचवीस नाहीत. त्या वाचलेल्या पाव तासात काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, “पाठ टेकते.” तिच्या विड्या दुसऱ्या कुठल्या तरी घरात जळतात, हे तिला कळतं. एकदा तिनंच विषय काढला आणि मी काहीच बोललो नाही. तिला दुसरं काम मी देऊ शकत नाही.

यंदाच्या श्रावणात वर्षाच्या तपासणीला दोघं आले. मालकांचा आकडा २. अक्का म्हणाली, “मलाही फुंकू द्या.” तिचाही २. मालक तिच्याकडे बघत होते, बोलले काहीच नाहीत. मिश्रीला धूर नसतो, हे यंत्र ती पकडत नाही.

अक्कानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. “तुमच्या मशीनला माझी चोरी कळत नाही सर. सकाळची एक राहिलीय अजून.”

मी वहीत लिहून घेतलं. मिश्री, चारवरून एक. पुढची भेट सहा आठवड्यांनी, या खेपेला तिच्या नावावर.